उलट्या पिळाचा दोरा

मन्मथअप्पांनी मला एकदा एक साधा प्रश्न विचारला आणि मी त्यांच्या तोंडावर खोटं बोललो. "दोरा आमचाच का, गुरुजी?" एवढाच प्रश्न होता. त्यांच्या मांडीवर माझी पाच महिन्यांची लेक होती. तिच्या गळ्यात नुकतंच इष्टलिंग बांधलं होतं आणि अप्पांचं बोट तिच्या मानेमागच्या गाठीवर होतं. मी म्हणालो, "होय अप्पा, तुमचाच." त्या शब्दांनी काय मोडलं ते मला महिन्याभरात कळलं. कबूल करायला बारा वर्षं लागली. आज लिहायचं आहे ते अप्पांबद्दल. माझ्याबद्दलचं सगळं या एका परिच्छेदात उरकलं असतं तर बरं झालं असतं, पण ते उरकत नाही.

मी मानवतला हायस्कुलात विज्ञान शिकवायला लागलो तेव्हा अप्पांच्या दुकानामागची खोली भाड्यानं घेतली होती. दुकान दोऱ्या-बटणांचं. रिळं, नाड्या, लेस, चेनी, अस्तर, काळे मणी, टिकल्या, नेलपॉलिश. गिऱ्हाईक बाई ब्लाउजचा तुकडा दाखवायची आणि अप्पा मागे न बघता हात नेऊन रिळांच्या भिंतीतून नेमकं त्याच रंगाचं रीळ काढायचे.

"अप्पा, जरा बघून तरी द्या," बाई म्हणायची.

"तुमी बघा. आमचं बघून झालंय."

कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, धोतर, आणि पांढरा सदरा, ज्याचं वरचं बटण कायम तुटलेलं. हजारो बटणं विकणाऱ्या माणसाच्या गळ्याशी बटण नव्हतं. त्या फटीतून लिंगाची चांदीची डबी दिसायची. मी एकदा बटणाचं बोललो तर म्हणाले, "आधी गिऱ्हाइकाचं लागू द्या." बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, लेक पेडगावला दिलेली. बटण लावून देणारं घरात कुणी नव्हतं आणि ते स्वतः दुसऱ्यांचीच कामं करत बसायचे.

रिळाची पारख करायची त्यांची एक रीत होती. दोऱ्याचं एक टोक गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचं, दुसरं आपल्या हातात, आणि मधे ताणायचं. "सैल दोऱ्याला काय इचारता? तो खोटंच बोलणार. ताणून इचारा." हे वाक्य मी त्यांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलं की शेवटी ऐकू येईनासं झालं.

त्यांच्या हातात दोन कामं होती, आणि दोन्ही दुकानाच्या हिशेबाबाहेरची.

पहिलं काम शिवदोऱ्याचं. आम्ही लिंगायत, जन्मल्यावर लेकराच्या गळ्यात लिंग बांधतो, ते ज्या दोऱ्यानं बांधायचं तो हा दोरा. बाजारात तयार मिळतो, पण मानवत-पाथरीकडची आमची बरीच घरं अप्पांचाच दोरा मागायची. कापूस निवडण्यापासून सगळं ते हातानं करायचे. अप्पा डावरे होते, त्यामुळे त्यांच्या दोऱ्याचा पीळ बाजारच्या दोऱ्याच्या उलट्या दिशेनं जायचा. बोटाखाली फिरवला तर डोळे मिटूनही कळायचं. या दोऱ्याचे पैसे त्यांनी कधी घेतले नाहीत.

दुसरं काम झिंग्यांचं.

गंगाराम भोई येलदरीच्या धरणावर मासेमारी करायचा. त्याची लेक मानवतला दिलेली होती, म्हणून महिन्यातून एकदा बाजाराच्या दिवशी तो यायचा. पहिल्यांदा दुकानात आला तो पाण्यात न कुजणारा दोरा मागायला. दोरा बघता बघता त्यानं खिशातून काडेपेटी काढली आणि उघडून अप्पांपुढे धरली. आत एक गळ होता, आणि त्या गळावर पिसं, केस, दोरे गुंडाळून बनवलेला एक प्राणी. धरणावर हौशीनं मासे धरायला आलेला कुणी पाहुणा तो खडकात अडकवून गेला होता.

"हे कुणी इणलंय?" अप्पांनी विचारलं.

"कुण्या सायबानं. अप्पा, हा झिंगा हाय म्हणं. पण ह्याला खेकड्याच्या नांग्या हायत. आमच्या पूर्णेत असला झिंगा म्या बापजन्मी पाहिला न्हाई."

मी तिथेच पेपर वाचत बसलो होतो. गुरुजी म्हणून मला विचारलं गेलं. मी सांगितलं की हा परदेशातल्या नद्यांमधला प्राणी आहे, क्रेफिश म्हणतात, आपल्या झिंग्याचा जाडजूड चुलतभाऊ समजा. तिकडे मासे त्याला खातात, म्हणून तिकडचे लोक गळावर त्याची नक्कल बांधतात.

अप्पांनी गंगारामकडे तो गळ पुढच्या खेपेपर्यंत मागितला. मग सोनाराकडचा एक जुना चिमटा लाकडाच्या ठोकळ्यात ठोकून बसवला, त्यात गळ धरला आणि एक-एक वेढा उलगडत गेले. शेवटी चिमट्यात नुसता गळ राहिला आणि कागदावर पिसं, केस, तार, दोरा ओळीनं मांडलेले. "आता कळलं," ते म्हणाले. "जो उलगडता येतो तो बांधता बी येतो."

मला नवल वाटलं. ज्यांनी जन्मात मासळीला हात लावला नाही, ज्यांच्या घरात अंडं आलं नाही, ते अप्पा गळ बांधणार? पण त्यांनी आपले नियम करून घेतले. कोंबड्याचं उपटलेलं पीस घ्यायचं नाही, कुठं गळून पडलेलं असेल तर चालेल. बाकी सगळं दुकानातलं नाहीतर शेजारपाजारचं. अंगाला मातकट लोकर, पोटाला कापसाचा सैल पीळ. डोळ्यांना मंगळसुत्राचे काळे मणी. लांब मिशांना शेजारच्या म्हशीच्या शेपटीचे केस. वजनाला मोटार वायंडिंगच्या दुकानातली तांब्याची बारीक तार. आणि वरून बिनरंगी नेलपॉलिशचा एक हात. नेलपॉलिशची बाटली उघडी बघून एक बाई म्हणाली, "अप्पा, कुणाची नखं रंगवायलाव?" अप्पा मान वर न करता म्हणाले, "झिंगीची. उद्या लगीन हाय तिचं."

पण पहिले झिंगे काही साधले नाहीत. गंगारामनं परत आणून दिले. "मासे येत्यात, वास घेत्यात आन् जात्यात. त्याहींला शंका यायलीय."

"मी जिता झिंगा पाहिलाच न्हाई ना," अप्पा म्हणाले. "न बघता कुणाचं चित्र काढावं कसं?"

पुढच्या बाजाराला गंगाराम लोणच्याच्या बरणीत एक झिंगा घेऊन आला. तो आठ दिवस दुकानात राहिला, रिळांच्या आड. अप्पा त्याचं पाणी सकाळ-संध्याकाळ बदलायचे, भाताचं शीत घालायचे आणि गिऱ्हाईक नसलं की टक लावून बसायचे. मी शाळेतून आलो की मला बोलवायचे. बरणीच्या काचेला बोट लावलं की झिंगा शेपटीचा एक झटका देऊन सरळ मागे जायचा.

"बगा गुरुजी. पळतो, पण पाठ करत न्हाई. ज्याला भ्याला त्याच्याकडं बघत बघत माघारी जातो."

मी शेपटीच्या स्नायूंबद्दल काहीतरी सांगितलं. पोटाखाली शेपूट जोरात दुमडते, पाणी पुढे ढकललं जातं, वगैरे.

"ते पुस्तकात असंल," अप्पा म्हणाले. "मला वाटायलंय, ह्याला तोंड चुकवता येत न्हाई."

त्या दिवशी त्यांना चूक सापडली होती. आधीचे झिंगे त्यांनी सरळ बांधले होते, तंगूस, म्हणजे गळाची नायलॉनची दोरी, बांधायच्या कडीकडे डोकं. तंगूस ओढला की झिंगा तोंड पुढे करून यायचा, आणि भ्यालेला झिंगा तसा कधीच जात नाही. अप्पांनी सगळे उलगडले आणि उलटे बांधले. कडीकडे शेपूट, गळाच्या बाकाकडे डोळे. आता ओढलं की तो मागे पळायचा, मासा आणि तो समोरासमोर.

नवव्या दिवशी बरणीतल्याला घरी सोडायला निघाले. मला सुट्टी होती, मीही गेलो. बरणीच्या तोंडाला मलमलचा तुकडा बांधून अप्पा एसटीत खिडकीशी बसले.

"अप्पा, बरणीत काय हाय?" कंडक्टरनं विचारलं.

"पाव्हणा हाय. त्याच्या गावाला सोडायला चाललाव."

कंडक्टरनं वाकून बघितलं. कपाळाची विभूती बघितली, पुन्हा बरणी बघितली. "पाव्हण्याचं तिकीट काढावं लागंल."

"अर्धं काढा. मागं मागं जातो तो, पोचंल का न्हाई भरवसा न्हाई."

आख्खी गाडी हसली. येलदरीला धरणाच्या काठावर अप्पा धोतर सावरून खाली बसले, बरणी पाण्यात तिरकी केली. झिंगा बाहेर आला, क्षणभर थांबला आणि आमच्याकडे तोंड करून मागे सरकत गढूळ पाण्यात दिसेनासा झाला. अप्पा गंगारामला म्हणाले, "ह्याला तेवढं धरू नको. वळखून ठेव."

"अप्पा, पाण्यातले समदे झिंगे एकाच आईचे दिसत्यात."

"मग कुणालाच धरू नको."

"आन् खाऊ काय? बटणं?"

त्या दोघांचं हे असं चालायचं. उलट्या झिंग्याला मरळ लागायला लागली. गंगाराम बाजाराला आला की ओट्यावर बसून कोणता झिंगा कोणत्या खडकाशी चालला हे सांगायचा, आणि अप्पा, ज्यांना त्या माशाची चवही ठाऊक नव्हती, मान डोलवत ऐकायचे. कुठं वेढा सुटला, कुठं मिशी तुटली, एवढंच विचारायचे.

एकदा गंगाराम तणतणत आला. गळाच्या टोकाशी मागे वळलेला एक बारीक काटा असतो, तो माशाला सुटू देत नाही. अप्पांनी कानशीनं तो घासून टाकला होता.

"अप्पा, काटाच घासला तर मरळ काय मला राम राम करून थांबंल का?"

"ज्याला राहायचंय तो राहील."

"मासा हाय तो! पाव्हणा न्हाई!"

दोन तास वाद झाला. शेवटी ठरलं की पावसाळ्यात, मासळी अंड्यावर असते तेव्हा, गंगारामनं बिनकाट्याचेच झिंगे वापरायचे आणि पोटुशी मासळी लागली तर सोडून द्यायची. बाकीच्या दिवसांत अप्पांनी कानस कपाटात ठेवायची. दोन वर्षांनी गंगाराम दुसऱ्या भोयांना सांगताना मी ऐकलं, "अंड्यावरची मासळी सोडायची अक्कल म्या काढली." अप्पा शेजारी बसून हो-हो म्हणत होते.

मी एकदा त्यांना विचारलं, "अप्पा, मनात काही येत नाही?"

त्यांनी डावा तळहात उघडला. आमच्यात लिंगाची पूजा डाव्या तळहातावर ठेवून करतात. अप्पांचा तोच हात कामाचा. त्याच हातानं शिवदोऱ्याला पीळ, त्याच हातानं झिंग्याला वेढे.

"रोज सकाळी देव ह्याच हातावर बसतो," ते म्हणाले. "ह्यालाच इचारतो. काई चुकत असंल तर सांग बाबा. आजवर तर हा काई बोलला न्हाई."

मग माझ्या लेकीचा जन्म झाला. तिच्या लिंगधारणेसाठी मी स्वतः अप्पांना दोरा मागितला. त्यांनी पंधरा दिवस घेतले. एरवी आठ दिवसांत व्हायचा. दिला तेव्हा केळीच्या पानात गुंडाळून दिला आणि म्हणाले, "पोरीचा हाय म्हणून जरा मऊ पिळलाय. मान कवळी असती."

माझे सासरे समारंभाच्या आदल्या दिवशी उदगीरहून आले. नेमाचे, शिस्तीचे, पण वाईट माणूस मुळीच नाही. मी त्यांना अप्पांच्या पाया पडायला दुकानात नेलं. ठोकळ्याच्या चिमट्यात अर्धा झालेला झिंगा होता. सासऱ्यांनी विचारलं, "हे काय?" आणि अप्पांनी लहान मुलाच्या उत्साहानं सगळं सांगितलं. बरणी, एसटी, उलटं बांधणं, गंगाराम, मरळ. लपवायसारखं काही आहे हे त्यांच्या डोक्यातच नव्हतं.

खोलीत परत आल्यावर सासऱ्यांनी पाय धुतले. मग म्हणाले, "माणूस भला आहे. दोरा त्यांचाच बांधायचा का, ते तुम्ही ठरवा. मी काही म्हणत नाही."

खरंच त्यांनी काही म्हटलं नाही. ठरवलं मी. कार्याला उद्या त्यांचे पाचपन्नास नातेवाईक येणार होते, कुणी काही बोलेल, बायकोला ऐकून घ्यावं लागेल, असं सगळं मी एका रात्रीत स्वतःच रचलं आणि सकाळी बाजारातून तयार दोरा आणला. अप्पांचा दोरा केळीच्या पानासकट कपाटात, कागदपत्रांच्या पेटीत ठेवला. टाकवला नाही. टाकण्याइतकंही धैर्य नव्हतं.

समारंभाला अप्पा आले ते धुवट धोतर नेसून. सदऱ्याला त्या दिवशी बटण होतं, वेगळ्या रंगाचं. लिंग बांधायला आलेल्या स्वामींचा विधी झाला, लेक अप्पांच्या मांडीवर दिली. त्यांनी तिच्या कपाळाला विभूती लावली, डाव्या हातानं मानेमागचा दोरा नीट केला, आणि बोट थांबलं. बोटानं दोरा एकदा फिरवला. मी समोरच उभा होतो.

"दोरा आमचाच का, गुरुजी?"

माझ्या शेजारी सासरे होते, मागे त्यांचे भाऊ. "होय अप्पा, तुमचाच," मी म्हणालो, आणि त्यांच्याकडे बघत बघत दोन पावलं मागे सरकलो.

अप्पा म्हणाले, "शोभतो." लेकीला त्यांनी माझ्या बायकोकडे दिलं, पंगतीत बसले, सगळं पान नीट जेवले. उठताना डावा हात धुवायला जरा जास्त वेळ लावला.

दुसऱ्या दिवशी दुकानाच्या फळीवर ठोकळा नव्हता. तो जिथे असायचा तिथे लाकडाचा चौकोन आजूबाजूपेक्षा उजळ दिसत होता. मला वाटलं, आत ठेवला असेल. मग आमच्यातल्या एका घरचे लोक शिवदोरा मागायला आले तर अप्पा म्हणाले, "आता नजर पोचत न्हाई. बाजारात चांगला मिळतो." नजर पोहोचत नव्हती असं मुळीच नव्हतं. त्याच वेळी त्यांनी मागे न बघता आंबा रंगाचं रीळ काढून एका बाईला दिलं होतं.

माझ्याशी ते पूर्वीसारखेच वागले. हेच मला सहन झालं नाही. एक शब्द लागट बोलले असते तर मी तिथेच पाय धरले असते, असं मी स्वतःला सांगत आलो. पण ते खरं नाही. संधी रोज होती. दुकान ओलांडल्याशिवाय मला माझ्या खोलीत जाता येत नव्हतं.

महिन्यानं गंगाराम आला. त्यांचं काय बोलणं झालं मी ऐकलं नाही. तो बाहेर आला, शाळेच्या रस्त्यावर मला गाठलं.

"गुरुजी, अप्पाचा हात कुणी बांधला?"

मी शाळेकडे चालत राहिलो.

"म्या म्हणलं, अप्पा, झिंग्यापायी लोक काई बोलले असतील तर झिंगे सोडा, दोरा करा. तर म्हणत्यात, एक सोडलं की त्याच्यावर आळ येतो. दोन्हीबी चांगलेच होते. म्हणून दोन्ही सोडले." त्यानं तंबाखू चोळली, पण तोंडात टाकली नाही. "म्या लय खोदून इचारलं. तवा म्हणले, लोक बोलले असते तर म्या मनावर घेतलं नसतं. गुरुजीवानी माणूस तोंडावर खोटं बोलला. त्येला खोटं बोलावं लागलं म्हंजे माझ्याच हातात काईतरी असंल. — काय खोटं बोललाव, गुरुजी?"

मी म्हणालो, "शाळेची घंटा झाली." आणि गेलो.

हातानं इतकी वर्षं काही सांगितलं नव्हतं, ते मी सांगितलं होतं.

पुढे माझी बदली परभणीला झाली. अप्पांनी दुकान विकलं आणि ते लेकीकडे पेडगावला राहायला गेले. परभणीहून पेडगाव किती जवळ, तरी मी तिकडची गाडी कधी धरली नाही. लग्नाकार्यात कुणी म्हणायचं, अप्पा तुमची आठवण काढत होते. मी म्हणायचो, जायचंय एकदा. माझी लेक मोठी होत गेली, तिच्या गळ्यातला दोरा बदलायची वेळ यायची आणि दर वेळी मी बाजारातून आणायचो. कागदपत्रांची पेटी उघडताना पान लागायचं, वाळून तपकिरी झालेलं. ते बाजूला करून मी हवा तो कागद काढायचो.

मागच्या महिन्यात काही कामानं मानवतला गेलो होतो. गंगारामची लेक बाजारात भेटली, तिनंच ओळखलं. म्हणाली, बाबा गेले. मग मला घरी नेलं आणि एक काडेपेटी आणून दिली.

"शेवटचा झिंगा हाय अप्पांचा. बाबांनी ह्याला कवाच पाण्यात घातला न्हाई. दुसरे समदे खडकात गेले, तुटले. हा ठिवून दिल्ता. म्हणायचे, अप्पा पुन्ना बसले तर ह्याला बघून बांधतील. तुमी अप्पाकडं जात असताल ना, गुरुजी?"

जात असताल ना. मी काडेपेटी खिशात घातली. घरी आलो, कागदपत्रांची पेटी उघडली, पान घेतलं आणि पहिल्या गाडीनं पेडगावला गेलो.

अप्पा अंगणात लिंबाखाली बाजेवर बसले होते. अंग पार वाळलं होतं. सदऱ्याची सगळी बटणं लागलेली, अगदी गळ्यापर्यंत, त्यामुळे लिंगाची डबी दिसत नव्हती. लेकीनं लावून दिली असणार. दोन्ही हात मांडीवर होते आणि थरथरत होते. कंपवात आहे, चार वर्षं झाली, असं त्यांची लेक महानंदा हळूच म्हणाली आणि चहा करायला आत गेली.

"कोण? गुरुजी का? या, या. पोरगी कशी हाय?"

"बरी आहे. सातवीत गेली."

"मान भरली असंल आता," ते म्हणाले.

मी गंगारामचं सांगितलं. त्यांना ठाऊक होतं. मी काडेपेटी उघडून झिंगा त्यांच्या तळहातावर ठेवला. थरथरत्या हातावर तो जिवंत असल्यासारखा हलत होता. एक मिशी तुटलेली होती. त्यांनी डोळ्यांजवळ नेऊन बघितलं, शेपटीपासून डोळ्यांपर्यंत.

"काटा हाय ह्याला," ते म्हणाले. "म्हंजे उन्हाळ्यातला." मग तुटल्या मिशीवर बोट टेकवून, "गंगा येडा होता. झिंगा ठिवायला असतो व्हय?"

मग मी पान काढलं. उलगडताना त्याचा चुरा झाला. आतला दोरा मात्र तसाच होता, पांढरा, मऊ. मी तो त्यांच्या हातात दिला. अप्पांनी बोटानं फिरवला, एकदाच, त्या दिवशी फिरवला होता तसा. त्यांचा चेहरा बदलला नाही. डोळे मात्र मिटले.

"हा इथं हाय तर," ते म्हणाले.

त्यांनी दोऱ्याचं एक टोक डाव्या मुठीत धरलं आणि दुसरं, पूर्वी गिऱ्हाइकाकडे द्यायचे तसं, माझ्याकडे केलं. मी धरलं. त्यांनी ओढलं. दोरा आमच्या दोघांमध्ये ताठ झाला, आणि जोवर तो ताठ होता तोवर त्यांचा हात हलत नव्हता.

त्यांनी डोळे उघडून माझ्याकडे बघितलं. मी जागचा हललो नाही.

"अप्पा," मी म्हणालो, "पोरीच्या गळ्यातला दोरा तुमचा नव्हता. मी बाजारातून आणला होता. तुम्ही विचारलंत तेव्हा मी खोटं बोललो. कुणी काही म्हटलं नव्हतं, सासऱ्यांनीही नाही. मीच भ्यालो. तुमच्या हातात काहीच नव्हतं, अप्पा, कधीच नव्हतं. जे होतं ते माझ्यात होतं. मला माफ करा."